हात विसरतो, साहेब

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
(हिवाळी अधिवेशन, मुक्काम नागपूर)

विषय : १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर आणि पायलटांना दर तीन महिन्यांनी सरावाला वेळ मिळण्याबाबत

महोदय,

अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा विधानभवनाच्या आसपास आणि मोर्चे अडवतात त्या रस्त्यांवर रुग्णवाहिका उभ्या दिसतील. दरवर्षी आपला ताफा त्यांच्या शेजारून जातो. या वेळी एकदा थांबा आणि १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरला एकच गोष्ट विचारा : अंबू बॅग, ती हाताने श्वास द्यायची पिशवी, हातात शेवटची कधी धरली होती? रुग्णाच्या तोंडावर नव्हे, सरावासाठी. माझा अंदाज असा की डॉक्टर पायलटकडे (म्हणजे ड्रायव्हरकडे) बघेल आणि पायलट रस्त्याकडे.

मी निवृत्त सिस्टर ट्यूटर. १९८३ साली स्टाफ नर्स म्हणून लागले, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. अर्ज करायची सवय नोकरीने लावली, म्हणून वर विषयही लिहिला आहे. पण अर्ज टपालात पडतो आणि तिथेच राहतो. म्हणून हे पत्र उघड्यावर.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली रात्र सांगते. रामटेककडून नऊ वर्षांचा एक मुलगा आणला होता. जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखतं म्हणाला, दुपारपर्यंत पापण्या उघडेनात. सूज नाही, जखम शोधूनही सापडेना. मण्यार. विदर्भात पावसाळ्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखू येतं. श्वास मंदावत चालला होता. डॉक्टर दुसऱ्या टेबलावर अडकले होते, त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, ‘सिस्टर, अंबू करा.’ कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. आकृतीसुद्धा सुबक काढली होती. पण अंबू बॅग मी कपाटाच्या काचेतूनच पाहिली होती. मास्क घट्ट बसावा म्हणून मी तो पोराच्या तोंडावर जीव खाऊन दाबला आणि पिशवी भसाभसा पिळायला लागले. हवा बाजूने निसटत होती, छाती हलत नव्हती, आणि मी आणखी जोरात पिळत होते.

वॉर्डबॉय मामांनी माझा हात बाजूला केला. ‘सिस्टर, हनुवटी वर घ्या ना. मास्क दाबून काय होते!’ त्यांनी करंगळी जबड्याच्या कोपऱ्यात अडकवली, चेहरा मास्ककडे उचलला, पिशवी सावकाश दाबली, आणि छाती वर आली.

त्या रात्री व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. इंजेक्शनं चालू होती, पण पिशवी कुणीतरी दाबत राहायला हवी होती. मामांनी मुलाच्या बापाला शिकवलं. आधी पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘आधी आपल्या गालाले लावून पाहा, वारं किती लागते ते.’ बापाने स्वतःच्या गालावर चार-पाच वेळा दाबून पाहिलं. मग मामांनी सहापर्यंत आकडे मोजायला लावले : एक ते सहा, दाबा, पुन्हा एक ते सहा, दाबा. पहाटेपर्यंत तो शेतकरी मोजत बसला होता. पोरगा वाचला.

आज ज्याला सिम्युलेशन म्हणतात आणि ज्याच्यासाठी लाखोंची यंत्रं येतात, त्याचा पहिला धडा मी असा पाहिला : रुग्णाला हात लावण्याआधी पिशवी गालाला लावून बघणं. पण मला त्या रात्रीपासून छळणारा प्रश्न वेगळाच आहे. मला मामांनी शिकवलं. मामा कुणावर शिकले? त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत किती जणांच्या तोंडावर त्यांचा मास्क आधी चुकीचा बसला असेल? हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनाही आठवायला आवडलं नसतं.

आता १०८ कडे येते. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ ‘ॲडव्हान्स’ आणि ७०४ ‘बेसिक’. आपल्या योजनेत एक गोष्ट वेगळी ठेवली गेली. इतर अनेक राज्यांत गाडीत मागे प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपण डॉक्टर बसवला, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस. त्यावरून ॲलोपॅथीवाल्यांनी नाकं मुरडलेली मी ऐकली आहेत. मी त्या भांडणात नाही. रात्री अडीच वाजता बुटीबोरीच्या पुढे चिखलात उतरून बाळंतपण करणारी पोरगी कुठल्या पॅथीची, हे त्या बाळंतिणीला विचारायचं नसतं. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने आता पॅरामेडिक या व्यवसायालाही रीतसर नाव दिलं आहे, त्यामुळे पुढेमागे मागच्या सीटवरचं माणूस बदलेलही. कुणीही बसलं तरी माझा प्रश्न तोच आहे. सेवेत येताना प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर हात कुठे चालतो?

या बीएएमएस मुलांच्या स्वतःच्या ग्रंथातच याचं उत्तर आहे, ही यातली गंमत. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानात, नववा अध्याय आहे : योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे सराव. शिष्याला सगळं शास्त्र पाठ झालं तरी हाताने सराव केल्याशिवाय तो कामाला लायक नाही, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. आणि सराव कशावर करायचा याची यादी एखाद्या आचाऱ्याच्या यादीसारखी आहे. कापायला शिकायचं ते कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. फोडायला शिकायचं ते पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर. खरवडायचं ते केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. शिरेत टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. शिवायला जाड कापडाची आणि मऊ चामड्याची कड. आणि पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा, अवयवांसह. ही बाहुलीच आहे, साहेब. आपल्याकडची बहुधा सगळ्यांत जुनी.

एका तरुण डॉक्टरला मी हे विचारलं. तो १०८ वर तीन वर्षं होता. म्हणाला, ‘मॅडम, माहीत आहे ना. परीक्षेला येतं ते. पाच मार्कांना.’

नागपूरला तर सरावाचं वावडं असायचं कारणच नाही. देशभरातले अग्निशमन अधिकारी शिकायला आपल्या गावात येतात. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. तिथे आग लावतात आणि विझवायला लावतात, धुरात उतरवतात. त्याच १९५७ साली आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्राची दुसरी संस्था इथे निघाली. पुढे तिला नॅशनल सिव्हिल डिफेन्स कॉलेज म्हणू लागले आणि आता ती एनडीआरएफच्या अकादमीत सामावली आहे. खोट्या ढिगाऱ्याखालून खोटा जखमी काढण्याचं काम या गावात साठाहून जास्त वर्षं चालू आहे. त्याच गावात खऱ्या जखमीला उचलणाऱ्याला मात्र थेट खऱ्या रस्त्यावर सोडलं जातं.

बाहुल्यांचंही तसंच. काळी मारबत, पिवळी मारबत आणि दर साली नव्या विषयाचे बडगे करणाऱ्या या गावाला पुतळे घडवायला कुणी शिकवायला नको. महालातल्या चितार ओळीत मूर्ती करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हे मी विनोदाने लिहीत नाही. जगभर छाती दाबायला शिकवणारी जी बाहुली आहे, ती एका खेळणीवाल्याने केली. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावचा ऑस्मुंड लेर्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायचा. त्याचा स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. तोंडाने श्वास देण्याची पद्धत डॉक्टर पीटर सफार वगैरे मंडळी तेव्हा सिद्ध करत होती, ती लोकांना शिकवायची कशावर हा प्रश्न होता. १९६० साली लेर्डालने माणसाएवढी बाहुली केली, ‘ॲन’. तिचा चेहरा पॅरिसच्या नदीत सापडली असं सांगतात त्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला आहे. लोकांनी त्या चेहऱ्याला घाबरू नये म्हणून. याच सफारांनी १९६७ साली पिट्सबर्गमध्ये ज्यांना कुणी कामावर ठेवत नव्हतं अशा काळ्या वस्तीतल्या तरुणांना शिकवून ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी केली. आज अमेरिकेत पॅरामेडिक म्हणून जे मिरवतात त्यांचे ते पूर्वज. 

पण मूळ मुद्दा बाहुलीचा नाही. बाहुली एकदा दाखवून भागत नाही, हा आहे. आणि याचा पुरावा परदेशातून आणायची गरज नाही, तो नागपूरचाच आहे.

जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा हे शिकवणारा ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात पाणी भरून फुगवायची एक बाहुली असते. भरली की तिचं वजन नवजात बाळाएवढं होतं आणि मान बाळासारखीच लुळी पडते. शिकवणाऱ्याच्या हातात रबरी फुगा असतो. तो दाबला की नाळेत ठोके लागतात किंवा छाती हलते. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने, बेळगाव आणि केनियातल्या एल्डोरेटसोबत, हे प्रशिक्षण रुग्णालयांतल्या प्रसूती करणाऱ्या लोकांना दिलं आणि पुढे काय होतं ते तपासलं. सेवाग्रामचे डॉक्टर आकाश बंग, नागपूरच्या डॉक्टर अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख २०१६ साली आला. लेखाच्या शीर्षकातच प्रश्न आहे : काळ गेला की या ज्ञानाचं आणि कौशल्याचं काय होतं? उत्तर मला मामांच्या वॉर्डात माहीत होतं, पण कागदावर पाहून बरं वाटलं. डोक्यातलं बऱ्यापैकी टिकतं. हातातलं उतरत जातं. पुन्हा सराव दिला की हात परत येतो.

माणूस आळशी म्हणून असं होत नाही. छाती दाबण्याचं कसबही काही महिन्यांत बिघडतं, हे अनेक देशांत पाहिलं गेलं आहे. विमानाचा पायलट दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसतो आणि पास झाला तरच उडतो, ते याचसाठी. आपण १०८ च्या ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हणतो. नाव घेतलं, सहा महिन्यांचा नियम तेवढा घ्यायचा राहिला.

निवृत्तीनंतर मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी मिळून असे सराव घेतो. जागा मिळेल तिथे, बोलावतील त्यांच्यासाठी. आमच्याकडे एक जुनी छाती-डोक्याची बाहुली आहे. रक्तासाठी मक्याचं पीठ आणि खायचा लाल रंग, भाजल्याच्या जखमेसाठी व्हॅसलिन आणि टिश्यू पेपर, उलटीसाठी ताकात भिजवलेले पोहे. फवारणीतून विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा प्रसंग करताना आम्ही एक शर्ट पाण्यात बुडवून वर लसणाचं पाणी शिंपडतो. २०१७ साली यवतमाळमध्ये अशाच फवारणीत काय झालं ते आपल्याला सांगायला नको. अशा रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या असतात, तोंडाला फेस असतो, हे पुस्तकात आहे. पण ओला शर्ट आधी काढायचा आणि तोही हातमोजे घालून, हे दहातले सात जण त्या घाईत विसरतात. घरी जाताना त्यांच्या हाताला लसणाचा वास येत असतो. मग पुढच्या वेळी विसरत नाहीत.

एकदाचा प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात या सगळ्याचं मर्म आहे. एका खासगी ट्रस्टची जुनी गाडी, तिच्या डॉक्टर-पायलट जोडीसह, मिळाली होती. रुग्ण : पन्नाशीचा माणूस, छातीत कळ, घाम, मग बेशुद्ध. माझी विद्यार्थिनी बायको झाली होती आणि अस्सल नागपुरीत ओरडत होती, ‘काहून उभे राहिले भाऊ, पाहून काय राहिले, घ्या ना उचलून!’ डॉक्टर तरुण, हुशार. त्याने नाडी पाहिली, छाती दाबायला सुरुवात केली, ऑक्सिजन लावायला सांगितलं. ऑक्सिजन काही येईना. सिलिंडर उघडायची चावी जागेवर नव्हती. दीड मिनिट डॉक्टर ड्रॉवर उघडत होता, सीटखाली बघत होता. दीड मिनिट, आणि छातीवर कुणाचाच हात नाही.

चावी पायलटच्या खिशात होती.

प्रसंग संपल्यावर आम्ही सगळे गाडीबाहेर गोल करून बसलो. सराव दहा मिनिटांचा असतो, हे बसणं अर्ध्या तासाचं. नियम एकच : ‘कुणी चुकवलं’ हे विचारायचं नाही, ‘तेव्हा तुला काय दिसत होतं’ हे विचारायचं. पायलट बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, चावी चोरीला जाते म्हणून तो खिशात ठेवतो. डॉक्टर आल्याबरोबर सांगणार होता, पण ‘साहेब घाईत होते, मधात बोलावं की नाही ते कळलं नाही.’ डॉक्टरने मान खाली घातली. त्याने विचारलंच नव्हतं. त्याने ‘ऑक्सिजन लावा’ हे हवेत सांगितलं होतं, कुणाच्या नावाने नाही.

त्या दिवशी चावीला एक दोरी बांधली गेली आणि ती सिलिंडरलाच लटकवली गेली. खर्च शून्य. आणि डॉक्टरने पायलटचं नाव विचारून घेतलं. सहा महिने एका गाडीत होते, आडनावच माहीत होतं.

ही गोष्ट कुठल्या व्याख्यानात शिकवता येईल? तीस स्लाइडांत टीमवर्कचे फायदे सांगता येतात. मधात बोलावं की नाही हे न कळणं मात्र फक्त तिथे, गाडीत, घामात कळतं. आपल्या दवाखान्यांत पायरीचं भान फार. वॉर्डबॉयने सिस्टरला, सिस्टरने डॉक्टरला, पायलटने साहेबाला टोकायचं नाही. मामांनी माझा हात बाजूला केला ते धाडसच होतं, आणि मी नवी नसते तर कदाचित रागावलेही असते. म्हणून सरावाला डॉक्टर वेगळे आणि पायलट वेगळे बोलावण्यात अर्थ नाही. गाडीत जी जोडी जाते ती जोडी आली पाहिजे.

आणि सराव एसी हॉलमध्येही नको. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. उन्हात तापलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला मे महिन्यात काय होतं ते आत बसलेल्यालाच माहीत. उष्माघाताच्या रुग्णाला आधी थंड करायचं आणि मग हलवायचं, हे आता जगभर मान्य आहे. आपल्याकडची सवय उलटी : उचला, पळवा, तिथे गेल्यावर बघू. थंड करायला यंत्र लागत नाही. ताडपत्रीची झोळी करून चौघांनी धरायची, त्यात माणूस, पाणी आणि बर्फ. बर्फ कुठून? नागपुरात मे महिन्यात दर चौकात रसवंती असते आणि रसवंतीत बर्फाची लादी असते. हे सुचायला हुशारी लागत नाही, पण एकदा करून पाहिलेलं असावं लागतं. नाहीतर त्या क्षणी माणसाला ताडपत्री फक्त माल झाकायला आठवते.

आणखी एक लिहिते, लिहावं की नाही असं वाटत असूनही. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं किती तरी. सीताबर्डीजवळच्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे, आपला ताफा त्यावरून जातो. मी त्या दिवशी ड्युटीवर होते. दोष कुणाचा हे सांगायला हे पत्र नाही. मला एवढंच आठवतं की जे ओरडत होते त्यांच्याकडे आम्ही आधी धावलो. नंतर वर्षानुवर्षं शिकवताना मी मुलींना सांगत आले : जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी बघ. लाल, पिवळं, हिरवं, काळं. कुठल्या मनगटाला कुठली पट्टी बांधायची आणि काळी पट्टी बांधून पुढे कसं जायचं. काळी पट्टी बांधता येणं हे शिकवावं लागतं, साहेब. बाहुलीवर बांधतानासुद्धा पोरींचे हात थरथरतात.

दरवर्षी या गावात अधिवेशनाचे मोर्चे निघतात, दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. आणि आता समृद्धी महामार्ग आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्या आगीत कुणाला काय करता आलं असतं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण सातशे किलोमीटरचा तो रस्ता बांधताना काँक्रीटचे तुकडे आधी प्रयोगशाळेत दाबून, फोडून पाहिले गेले असणार. अंधारात, उलटलेल्या गाडीतून माणूस मान न वळवता कसा काढायचा, हे त्या रस्त्यावर धावणाऱ्या किती जोड्यांनी एकदा तरी करून पाहिलं आहे?

मागणं फार मोठं नाही. पहिल्यांदा जे नको ते सांगते. कोट्यवधींचा, डोळे मिचकावणारा, इंग्रजीत ‘माय चेस्ट हर्ट्स’ म्हणणारा पुतळा नको. असा एक मी पाहिला आहे, कुठे ते सांगत नाही. उद्घाटनाच्या फोटोनंतर तो धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुलपात ठेवला होता, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर होते. उद्घाटन झालेल्या बाहुलीपेक्षा मळलेली बाहुली बरी.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमामुळे एमबीबीएसच्या मुलांसाठी प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल लॅब ठेवावी लागते. केंद्राने ‘नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट’ हा देशी अभ्यासक्रमही आखला आहे. म्हणजे छत आहे, पुस्तक आहे. इथली मेडिकल, मेयो ही कॉलेजं किंवा मिहानमधलं एम्स, यांतलं एखादं दार आठवड्यातून दोन संध्याकाळी १०८ च्या जोड्यांना उघडं राहावं. अंगणात भंगारात काढलेली एक रुग्णवाहिका उभी करावी, खऱ्या स्ट्रेचरसह, खऱ्या अडचणीसह. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक जोडीने अर्धा दिवस यावं. आणि तो अर्धा दिवस ड्युटीत धरावा. बारा तास गाडीवर काढलेल्या कंत्राटी पोराला सुट्टीच्या दिवशी बोलावून सराव देणं ही शिक्षा आहे, ती नको. त्या वेळेत बदली गाडी लागेल, तिचा पैसा लागेल, खरा खर्च तोच आहे. तो १०८ चालवणाऱ्या ठेकेदाराच्या करारात लिहिला गेला तरच होईल. गाडी किती मिनिटांत पोचली हे मोजता तसं, आतली जोडी शेवटची कधी सरावाला बसली हेही मोजा.

शिकवायला दोन-चार जुन्या सिस्टर, एखादा भूलतज्ज्ञ, एखादा निवृत्त पायलट एवढे पुरतील. प्रसंग इथले लिहावेत : मण्यार, फवारणी, ऊन, गाडीतलं बाळंतपण, दीक्षाभूमीची गर्दी. बायको नागपुरीतच ओरडली पाहिजे. बाहुल्या चितार ओळीत विचारून पाहा. मान वळली पाहिजे, जबडा उचलता आला पाहिजे, छाती दाबली की परत वर आली पाहिजे. एवढं सांगितलं तर ते लोक करून देतील, माझी खात्री आहे.

एक कबुली द्यायला हवी. सराव केला की मृत्यू इतके टक्के घटतात, असा आकडा मी आपल्याला देणार नाही. रुग्ण वाचतो तेव्हा गाडी लवकर आलेली असते, रस्ता मोकळा असतो, पुढे खाट मिळालेली असते. त्यात सरावाचा वाटा वेगळा काढून दाखवणं कठीण, आणि जे फार ठामपणे काढून दाखवतात त्यांच्यापासून जपून राहावं. मी एवढंच म्हणते की पहिली चूक कुणावर तरी होणारच आहे. ती रामटेकच्या पोरावर व्हावी की बाहुलीवर, हे ठरवणं आपल्या खात्यात येतं.

अधिवेशनात एखाद्या दिवशी कामकाज लवकर संपतं. त्या दिवशी निरोप द्या. मी बाहुली घेऊन येते, विधानभवनात परवानगी नसेल तर बाहेर पदपथावर. आपण खाली बसायचं, तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दोन मिनिटं न थांबता. आपल्यासोबत त्या गाडीतले डॉक्टर आणि पायलटही बसतील. दुसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात, ते आधीच सांगून ठेवते. जमीन थंड असते डिसेंबरात, गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी मी आणेन.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर
नागपूर